थाऊचं की मिलीचं

मी ‘अहो’ अशी हाक मारली की मिरजगावच्या हमरस्त्यावरची निम्मी माणसं मान वळवून बघायची. फक्त आमचे हे बघायचे नाहीत. आधी मला वाटायचं, मुद्दाम करतात. संसार जुना झाला की नवऱ्याला बायकोची हाक ऐकू येईनाशी होते, त्यात नवल ते काय. म्हणून मी आणखी जोरात ओरडायचे आणि माझ्या सासूबाई आतून म्हणायच्या, “पुष्पे, हळू! गिऱ्हाईक पळून जाईल.”

खरं काय ते मला आसाराम या आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या ट्रकमुळे कळलं.

आमचं घर आणि गॅरेज एकाच छपराखाली. पुढे रस्त्याला लागून पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या, मधे नुसता कूड. चुलीपाशी बसून भाकरी थापताना बाहेरचं सगळं ऐकू यायचं. कोण आलं, कोणती गाडी आली, कशाने आजारी आहे. इतकी वर्षं ऐकून ऐकून माझाही कान तयार झाला होता. दुरुस्त करण्याइतका नव्हे, पण आपलं पोर भुकेने रडतंय की झोपेने हे जसं आईला कळतं, तेवढं मला इंजिनाचं कळायचं. त्या दिवशी आसारामच्या ट्रकच्या इंजिनातल्या झडपांचे टॅपेट लावून झाले होते, तरी एका बाजूने बारीक टकटक येतच होती. मी मनात म्हटलं, आता हे म्हणतील, थांब, अजून एक राहिलं. ह्यांनी बॉनेट खाली टाकलं आणि म्हणाले, “ने. झाली.”

आसाराम गेला. टकटक बरोबर घेऊन गेला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आल्यावर मी भानावर आले.

ह्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, पण कागदावर लिहायला हरकत नाही. कानिफनाथ मिस्त्री. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की कानिफ मिस्त्री गाडी बघत नाही, ऐकतो. चहाची बशी ओठाला लावलेली असताना रस्त्यावरून ट्रक गेला तर म्हणायचे, “ह्याच्या तिसऱ्या प्लगात जीव न्हाई.” लोक पैज लावायचे आणि हरायचे. हत्यारं म्हणाल तर गोणपाटात गुंडाळलेले पाने, दोन पेचकस, पक्कड आणि हातोडी. मापाचं एकही हत्यार नाही. कोणी विचारलं तर मान ताठ करून सांगायचे, “मापं शिकाऊला लागत्यात. आमाला कान हाय.” हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की पुढे त्यानेच आमचा गळा धरला.

आसाराम गेला त्या दुपारी हे हात धूत असताना मी मागे उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, “मी माहेरी चालले. परत येत न्हाई.” हे साबण चोळत राहिले. मी म्हटलं, “तुमच्या गॅरेजला आग लागली.” हे नखातलं ऑइल काढत राहिले. मग वळले, माझं तोंड बघितलं, आणि तिथेच खाली बसले.

“कधीपास्नं?” मी विचारलं. ते त्यांनी माझ्या ओठांवरून ओळखलं.

“शिमग्यापास्नं. डावा तर गेलाच. उजव्यात येतंय थोडं, पर नुसती भुनभुन.”

नगरच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले आणि सांगितलं की आयुष्यभर इंजिनाला कान लावून बसलात, त्याने आतली शीर थकली, तिला औषध नाही. येताना बसमध्ये हे एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. बोलले असते तर सगळ्या बसला ऐकू गेलं असतं.

आता यात एवढं लपवण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. कान गेला, चोरी तर केली नाही. पण ज्याने म्हणावं त्याने आत्याबाईंचे हात बघावेत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, छबूबाई. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं अर्धी आहेत. त्यांचा सगळा जन्म कोयता घेऊन कारखान्याकारखान्याने ऊस तोडण्यात गेला. हे लहान असताना पाचटाच्या खोपीत वाढले, आणि ऊस वाहणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या मागे लागून मिस्त्रीकाम शिकले, म्हणून आमच्या घरातून कोयता गेला. यंदा गिऱ्हाईक आधीच कमी झालं होतं. काम नीट होईना, म्हणून दोन-तीन कायमचे ट्रकवाले न थांबता परस्पर नगरला जाऊ लागले होते. खरं कारण त्यांना कळलेलं नव्हतं, पण कळायला किती दिवस लागतात? बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण देईल? आणि गॅरेज बंद पडलं तर दिवाळीनंतर पुन्हा बैलगाडी, पुन्हा खोप, पुन्हा कोयता. मला रोज भाकरी थापताना तेच दिसायचं.

तेवढ्यात एक आशा लागली. साखर कारखान्याच्या गाड्या बघणारे राधाकृष्ण साहेब नगरला सावेडीत राहायचे. ते एकदा आमच्याकडे थांबले होते आणि ह्यांचा कान बघून थक्क झाले होते. त्यांनी निरोप पाठवला की गळीत हंगामात कारखान्याच्या जीपा रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजला द्यायच्या आहेत. दसरा झाला की सोमवारी एक जीप घेऊन येतो. ती नीट लागली तर हंगामभराचं काम तुमचं.

हंगामभराचं काम! दुसऱ्या कोणाच्या घरी त्या निरोपावर पेढे वाटले असते. आमच्या घरी त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही.

तोवर मी माझ्यापरीने एक पद्धत बसवली होती. गिऱ्हाईक आलं की मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायचे आणि ह्यांच्या समोर उभी राहून गिऱ्हाइकाचंच बोलणं परत म्हणायचे. “काय म्हनता, चढाला वढत न्हाई? धूर काळा येतोय?” हे माझ्या ओठांकडे बघून मान हलवायचे. चार दिवसांत गावभर झालं की मिस्त्रीची बायको लई आगाव झालीय, बाप्यांच्या मधी मधी बोलते. आत्याबाईंनाही काही माहीत नव्हतं. त्या मला आत ओढून म्हणायच्या, “तुला काय गाडी चालवायचीय का?” मी ऐकून घ्यायचे. आगाऊ म्हणवून घेणं परवडत होतं.

पण तांब्या घेऊन उभं राहिल्याने गाडी कशी लागणार? ह्यांनी पुष्कळ विचार केला आणि एके दुपारी, आत्याबाई दळणाला गेल्या असताना, मला जवळ बसवून म्हणाले, “नगरला जा. मापाची हत्यारं आन.” हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं, पण शेजारच्या टपरीवरच्या माणसाने मान वर केली. मी तोंडावर बोट ठेवलं. मग ते खरंच हळू बोलले. कान असताना माप लागत नाही, कान गेल्यावर मापाशिवाय इलाज नाही. शिकाऊ पोरं ज्यावर शिकतात तेच आता त्यांना हवं होतं. स्वतः गेले असते तर दुकानात दहा ड्रायव्हर भेटले असते. कानिफ मिस्त्री माप घेतोय ही बातमी त्यांच्या आधी मिरजगावला पोचली असती. म्हणून मी.

“आन्‌ कुनाला इचारू, काय घ्यायचं?” मी म्हटलं.

“पात्या. पॉइंटमधलं अंतर बघायच्या. बाकी तुला जे बरं वाटंल ते.”

मला जे बरं वाटेल ते! मी भाजी निवडून आणते, लुगडं निवडून आणते. इंजिनाची हत्यारं मी बापजन्मी निवडली नव्हती. सावेडीला बहीण बाळंत झालीय असं आत्याबाईंना सांगून मी सकाळच्या एस.टी.त बसले.

श्रीमंतशेठचं दुकान नगरला स्टेशनरोडला. दारात टायर, आत ऑइलचा वास, बाकावर तीन-चार माणसं. मी पायरी चढले तशी सगळी बोलायची थांबली.

“शिलाई मशीनचं दुकान पलीकडे आहे, बाई,” शेठ म्हणाले.

“मला मोटारीचंच पाहिजे,” मी म्हटलं. “इंजिन लावायची हत्यारं. माझा भाचा शिकाऊ आहे.”

“कुठे शिकतो?”

काहीही सांगता आलं असतं. राहुरी, संगमनेर, पुणं. माझ्या तोंडातून निघालं, “मिरजगावला.”

“म्हणजे कानिफ मिस्त्रीकडे?” शेठ खुशीत आले. बाकावरची माणसंही सावरून बसली. “मग त्याला मापाचं हत्यार कशाला? मिस्त्री हातसुद्धा लावू देणार नाहीत. ते कानाने शिकवतात. काय नाव म्हणालात भाच्याचं?”

“श्रीरंग,” मी म्हटलं. माझ्या माहेरच्या बैलाचं नाव ते. दुसरं सुचलंच नाही. “मिस्त्री म्हनतात, आधी मापावर शीक, मग कानावर.”

“हे मात्र बरोबर,” शेठ म्हणाले आणि फळीवरून एक एक वस्तू उतरवू लागले. मी शेवटपर्यंत त्यांच्याकडे न बघता वस्तूंकडेच बघत राहिले, चेहऱ्यावर काय उमटतंय याचा भरवसा नव्हता.

आधी त्यांनी एक जाड काचेचं घड्याळ काढलं, रबरी नळीवालं. नळी इंजिनाला जोडायची, मग काटा सांगतो इंजिन श्वास कसा घेतंय. काटा स्थिर तर इंजिन निरोगी. मग पिस्तुलासारखी एक बत्ती काढली. गाडी चालू असताना इंजिनाच्या फिरत्या चाकावर तिचा लखलख उजेड पाडायचा, म्हणजे चाकावरची खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. “ही दोन्ही पक्क्या मिस्त्रीची हत्यारं,” शेठ म्हणाले. “शिकाऊच्या हातात दिली तर गोंधळ करील. त्याला हे पुरे.” आणि त्यांनी पात्यांचे दोन जुडगे समोर ठेवले. पोलादाच्या पातळ पट्ट्या, एका टोकाला खिळ्याने एकत्र धरलेल्या, पंख्यासारख्या उघडणाऱ्या. प्रत्येकीवर आकडा.

माझा जीव घड्याळावर होता. कान नसला तरी डोळे आहेत, काटा दिसेल, हे मलासुद्धा कळत होतं. ती बत्तीही चालली असती. पण घड्याळ थाळीएवढं होतं. ते इंजिनाला लटकलेलं टपरीवरूनही दिसलं असतं. बत्ती लखलखली असती तर सगळं गाव गोळा झालं असतं. मिस्त्रीला काटे आणि दिवे लागायला लागले, झालं काय मिस्त्रीला? कोणतं हत्यार चांगलं हे मला कळत नव्हतं. कोणतं लपवता येईल एवढंच कळत होतं.

“पात्या द्या,” मी म्हटलं.

“थाऊच्या देऊ की मिलीच्या?”

मला वाटलं, ही कंपन्यांची नावं असणार. बाकावरची माणसं माझ्याकडे बघत होती. थाऊ म्हणजे काय आणि मिली म्हणजे काय असं विचारलं असतं तर शेठनी आनंदाने सांगितलं असतं, त्यांना बोलायची हौस होती. पण विचारलं की प्रश्न वाढणार, आणि प्रश्न वाढले की भाच्याचा बैल होणार. दोन्ही जुडगे मी हातात घेतले. एक जुना, वीतभर लांब, पितळी मुठीचा. दुसरा नवा, चकचकीत, बोटाएवढा.

“छोटं कोणतं?” मी विचारलं.

“मिलीचं छोटं आहे. नवीन माप, सरकारी माप.”

“मग मिलीचं द्या.” मी मूठ मिटून पाहिली. मुठीत बसलं. मला इतकं हायसं वाटलं की उतरताना मी पायरी चुकले.

घरी आल्यावर ह्यांनी पात्या बोटात खेळवल्या, लुगड्याचा पोत बघावा तसा. शिकताना उस्तादाने सांगितलेलं त्यांना तोंडपाठ होतं, जीपच्या पॉइंटचं, म्हणजे ठिणगीचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांमधलं, अंतर वीस. त्यांनी वीसचा आकडा शोधला. आकड्याआधी एक ठिपका होता, तो बारीक. त्याचा अर्थ विचारायला आम्ही दोघं कुठे जाणार होतो? ह्यांनी वीसची पाती अंगठ्याखाली घासून बघितली आणि कपाळाला आठी घातली.

“पातळ वाटतीया.”

“मग?” मी विचारलं.

त्यांनी पाती परत जुडग्यात सारली. “माझ्या वाटन्याला काय किंमत ऱ्हायलीय आता,” ते म्हणाले. “कानानं दगा दिला, हातबी देनार. पोलादावर वीस लिवलंय, तर वीसच आसंल.”

ज्या माणसाने आयुष्यात कधी आकडा विचारला नाही, तो आता स्वतःच्या अंगठ्यापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवत होता. मला ते बोलणं सहन झालं नाही, पण खोटं ठरवायला माझ्याकडे तरी काय होतं? 

सोमवारी साहेब जीप घेऊन आले ते स्वतः चालवत. पांढरा बुशशर्ट, डोळ्यांना काळा चष्मा. तो चष्मा बघून मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, कारण निदान ह्यांचे डोळे कुठे लागलेत ते साहेबांना नीट दिसणार नव्हतं. नेमका आसारामही ट्रक लावून बाकावर चहा पीत बसला होता. टपरीवर आणखी चारदोन जण. आत्याबाई दाराच्या चौकटीत टेकून उभ्या. मी तांब्या घेऊन बाहेर आले.

“मिस्त्री, ओढ कमी आहे, पेट्रोल फार पिते. तुमच्या कानाला काय वाटतं सांगा,” साहेब म्हणाले आणि हसले.

“काय म्हनता साहेब, वढ कमी हाय? पेट्रोल पितीया?” मी समोर येऊन म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

“बघतो,” हे म्हणाले.

ह्यांनी प्लग काढून साफ केले. जुने पॉइंट जळून काळे पडले होते, ते काढून साहेबांनी आणलेले नवीन बसवले. मग हातात पुसायचं फडकं घेतलं. फडक्याच्या आत पात्या होत्या. पाठ साहेबांकडे करून त्यांनी वीसची पाती पॉइंटमध्ये सरकवली, स्क्रू आवळला, पाती परत फडक्यात. कोणाला काही दिसलं नाही.  टोपण लावलं, वायरी लावल्या, साहेबांनी गाडी सुरू केली.

सुरू झाली, पण मला पहिल्या क्षणातच कळलं. इंजिन अडखळत होतं. चार पावलं नीट टाकायचं, पाचव्याला ठेच लागायची, पुन्हा तेच. साहेबांनी रेस दिली तर फटकन उलटं ठसकलं. आसारामने बशी खाली ठेवली. त्यालाही कळलं. टपरीवरच्या माणसालाही कळलं. साहेब ह्यांच्याकडे बघत होते, की एवढं ठळक मिस मारतंय आणि कानिफ मिस्त्री गप्प कसा?

हे इंजिनावर वाकून उभे होते. उजवा तळवा त्यांनी बॉनेटच्या कडेला टेकवला होता. मी त्यांचा तळवा बघत होते. तो काहीतरी सांगत होता त्यांना, कारण त्यांनी तो उचलला, पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. मग त्यांनी फडक्यातली पाती हळूच बघितली. हात म्हणत होता चुकलंय, आकडा म्हणत होता बरोबर आहे, आणि जो निवाडा करायचा तो कान जागेवर नव्हता.  मला वाटलं, पुढे जाऊन तांब्या सांडावा, भोवळ आल्यासारखं करावं, काहीही करावं, पण हे थांबवावं.

हे ताठ उभे राहिले. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून थांबवली.

“पुष्पे,” ते म्हणाले, आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, तो शेडच्या पत्र्यावर आदळला. “कसं वाजतंय गं?”

सगळं संपलं. इतके महिने तांब्या घेऊन मी जे झाकून ठेवलं होतं, ते ह्यांनी स्वतःच्या तोंडाने रस्त्यावर मांडलं. आसारामचं तोंड उघडं राहिलं. आत्याबाईंनी चौकट धरली. साहेबांनी काळा चष्मा काढला. मला एवढा राग आला ह्यांचा! मला विचारायचं होतं तर आत येऊन विचारायचं. ‘चांगलं वाजतंय’ असं म्हणून झाकून टाकावं असं एक क्षण वाटलं. पण ह्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. दुसरं कोणी राहिलंच नव्हतं त्यांना विचारायला, आणि त्यांना खोटं सांगितलं असतं तर त्यांचा शेवटचा आधार मीच काढून घेतला असता.

“मिस मारतंय,” मी म्हटलं. “चार नीट, मग एक मार. रेस दिली की उलटं ठसकतंय.”

“बंद करा,” हे साहेबांना म्हणाले.

आता त्यांनी फडकं बाजूला टाकलं. पात्यांचा जुडगा सगळ्यांसमोर पंख्यासारखा उघडला आणि आकड्यांकडे न बघता, रस्त्याकडे बघत, एक एक पाती अंगठ्याखाली घासत गेले. वीसवर थांबले नाहीत. पुढे गेले, आणखी पुढे. एका पातीवर अंगठा थांबला. “ही,” ते म्हणाले. तिच्यावर पन्नास लिहिलं होतं. ह्यांनी ते वाचलं, पुन्हा घासलं, आणि आकड्याला न जुमानता तीच पाती पॉइंटमध्ये सरकवली. साहेब जवळ आले आणि वाकून बघू लागले.

“ही मिलीची पाती आहे, मिस्त्री,” साहेब म्हणाले. “मिलीमीटरमधलं ठिपका पन्नास म्हणजे तुमच्या थाऊतले, इंचाच्या हजाराव्या भागातले, वीस. बरोबर आहे.” ह्यांना ते ऐकू गेलंच नाही. मला गेलं, आणि दुकानातला शेठचा प्रश्न आठवून माझे कान लाल झाले.

गाडी पुन्हा सुरू झाली. ह्यांनी कार्बोरेटरच्या स्क्रूवर पेचकस टेकवला आणि माझ्याकडे बघितलं.

“जड हाय,” मी म्हटलं.

त्यांनी पेचकस जरासा फिरवला.

“अजून. अजून थोडं. आता पळालं पुढं, मागं घ्या. हां. हां, हितं.”

इंजिन एका लयीत चालू लागलं.  साहेब जीप घेऊन मांदळीच्या रस्त्याने गेले. परत येईपर्यंत हे पाने पुसत बसले आणि मी हातात रिकामा तांब्या घेऊन उभी राहिले. आसाराम माझ्याकडे बघायचं टाळत होता. मला आत्याबाईंकडे बघायचा धीर होत नव्हता.

साहेब आले. उतरले नाहीत. मला जवळ बोलावलं.

“कधीपासून, बाई?”

“शिमग्यापास्नं.”

“मग इतके दिवस तुम्ही ऐकत होता?”

“ऐकत होते. पर मला कोनी इचारत नव्हतं.”

साहेबांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. ते हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. म्हणाले, “गाडी लागलीय चांगली. हंगामाच्या गाड्या इथेच पाठवतो. पण एक सांगून ठेवतो. तुम्ही समोर असाल तरच इंजिनाला हात लावायचा. तुम्ही नसाल त्या दिवशी गाडी नुसती उभी राहिली तरी चालेल. रात्री-अपरात्री शेतात गाडी बंद पडली तर मला वर जाब द्यावा लागतो. कबूल?”

मी मान हलवली. जीप गेली.

“काय म्हनले?” ह्यांनी विचारलं.

मी जवळ गेले. ही गोष्ट आत नेऊन, दार लोटून सांगायची होती. बायको उभी असेल तरच तुमच्या हाताला किंमत, हे कोणत्या नवऱ्याला चारचौघांत सांगतात? मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन हळू बोलायला लागले.

“काय?” ते म्हणाले. “काम गेलं का?” त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की मला ते बघवेना. हळू सांगितलेलं त्यांना कळणार नव्हतं, आणि कळेपर्यंत ते असेच जळत राहणार होते.

मी पदर सावरला आणि ओरडून सांगितलं. “काम आपलंच हाय! पर मी हितं हुभी असंल तरच! मी ऐकायचं आन्‌ तुमी लावायचं, आसं म्हनले साहेब!”

टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या पान्याकडे.  मला वाटलं, पाना फेकतील, नाहीतर उठून रस्त्याने चालायला लागतील. मी नेहमीसारखी तांब्या घेऊन आत जायला वळले.

“आन्‌ आत कुटं चालली?” मागून आवाज आला. “आसारामची गाडी ऱ्हायलीय.”

आसाराम उठला आणि त्याने ट्रक सुरू केला. तीच बारीक टकटक अजून होती.  आता चुकलं तर ते माझं चुकणार होतं. आत्याबाईंनी पुढे येऊन माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. मी बॉनेटच्या पलीकडे गेले आणि ह्यांना माझं तोंड नीट दिसेल अशी उभी राहिले.